पोरीच्या हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्या

आधीच सांगतो, मला त्या बॅटऱ्यांची भीती वाटते. आजही वाटते. लोक म्हणतात, माहिती झाली की भीती जाते. माझी तर माहिती झाल्यावर वाढली.

हेलिकॉप्टर माझ्या मुलीचं. खेळणं म्हणालं की ती चिडते. हातभर लांब, वर दोन पाती, शेपटीला एक बारका पंखा. तेल लागत नाही, बॅटरीवर चालतं. तिच्या हातात एक डबा असतो, त्याला दोन दांड्या. त्या हलवल्या की ते वर जातं, हवेत एका जागी थांबतं, मागं येतं, उलटंसुद्धा होतं. मुलगी तिशी ओलांडलेली, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. नोकरी लागल्यावर तिनं स्वतःसाठी पहिल्यांदा काय घेतलं, तर हे. लोकांच्या मुली सोनं घेतात. मी तसं बोललोही. तर तिची आई म्हणाली, "घेऊ द्या की. तुमाला काय गळ्यात घालायचंय?" विषय संपला. आमच्या घरात विषय तीच संपवायची.

ती मागच्या वर्षी गेली. साखरेचा आजार, मग किडनी. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. मातीला देऊन घरी आलो आणि मला कळेना की हातपाय धुऊन आता कुणाला हाक मारायची. मुलगी कंपनीला विचारून सोलापूरला आली, घरातूनच काम करायला लागली. पाहुण्यांना सांगायची, अप्पा एकटे नकोत म्हणून आले. मला वाटतं, तिलाच पुण्यात राहवेना. दिवसभर दार लावून काम. जेवायला बाहेर यायची, ताट धुवायची, परत आत. माझ्याशी बोलायची ती भाजीत मीठ आहे का एवढंच.

रविवारी मात्र ती हेलिकॉप्टर घेऊन अक्कलकोट रस्त्याच्या पलीकडं एका पडीक माळावर जायची. आधी पुण्याहून आली की आईला घेऊन जायची. आई चटई टाकून बसायची, पोरगी उडवायची, दोघी भाकरी खाऊन परत. मी कधी गेलो नव्हतो. आता आईच्या जागेवर मी जायला लागलो. तिथं ती बोलायची. वारा कुठून येतोय, शेपटी का हलतेय, असलं. मला काही कळायचं नाही, पण आवाज ऐकू यायचा. घरी आल्यावर तो बंद.

आता बॅटरीचं. धुण्याच्या साबणाची लांब वडी असते तेवढी. वर चकचकीत प्लास्टिक, एका टोकाला लाल-काळी वायर. मोटारसायकलच्या बॅटरीसारखी टणक पेटी नसते तिला. दाबलं तर बोटाला मऊ लागते. मी पहिल्यांदा हातात घेतली तर पोरीनं लगेच काढून घेतली.

"अप्पा, दाबू नका. आत तीन पाकिटं आहेत, एकाला एक चिकटवलेली. फाटलं तर पेट घेतं."

"मग घरात कशाला ठेवतीस?"

"गॅसची टाकी ठेवत नाही का आपण?"

"ती लोखंडाची असती की!"

त्यावर तिनं बॅटरी उचलून कपाटात ठेवली. तिची आई असती तर काहीतरी बोलली असती.

पोरगी ती चार्जिंगला लावायची तेव्हा बॅटरी मातीच्या कुंडीत, कुंडी फरशीवर, बाजूला वाळूची बादली. आणि स्वतः तिथंच बसून राहायची, उठायची नाही. ज्या वस्तूची भरताना राखण करावी लागते, ती घरात का?

मी उभी हयात मागावर काढली. टॉवेलाचा कारखाना. तिथं कापसाचा रोंवा उडतो, छताला चिकटतो, वायरीला लोंबतो, भुवईला बसतो. एकदा शेजारच्या शेडला आग लागलेली मी बघितली. ती जमिनीवरून येत नाही. छताखालून, रोंव्यावरून पळते, आणि माणूस खाली उभा राहून वर बघत असतो. माणसं सगळी बाहेर निघाली, देवाची कृपा. पण तेव्हापासून मी कुठल्याही घरात शिरलो की आधी वास घेतो. बायको म्हणायची, "कुत्रं पाळायची गरज न्हाय आपल्याला."

तर उन्हाळ्यात पोरीला कंपनीनं पुण्याला बोलावलं. जाताना म्हणाली, "बॅटऱ्यांना हात लावू नका." मी म्हणालो, बरं. आणि हात लावला.

ज्यानं सोलापुरात संसार केलाय त्यालाच माझं कळेल. आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कधी येईल सांगता येत नाही. म्हणून आलं की घरातलं सगळं भरायचं. टाकी, पिंप, हंडे, घागरी, कळशी, पार चहाचं पातेलं आणि देवाचा तांब्यासुद्धा. आमच्या घरी अर्धं भांडं दिसलं की बायकोच्या कपाळाला आठी पडायची. पाणी असो, ज्वारी असो, रॉकेल मिळायचं तेव्हा रॉकेल असो. गावाला जाताना तर ती एकूण एक भांडं काठोकाठ भरूनच कुलूप लावायची. परत येणाऱ्याला रिकामं घर दिसू नये.

पोरगी गेल्यावर मी तिच्या खोलीत केर काढायला गेलो. चार बॅटऱ्या. त्या चार्जरला लावल्या की पडद्यावर किती भरली ते दिसतं, एवढं मी तिच्या मागं उभा राहून शिकलो होतो. लावून बघितली. निम्मी. दुसरी, निम्मी. चारी निम्म्या. मी म्हणालो, घाईत गेली पोर, भरायच्या राहिल्या. आल्या आल्या रविवारी उडवायला जाईल तर काय उडवेल? जीव मुठीत धरून, कुंडी ठेवून, वाळू जवळ घेऊन, एकेक करत चारी काठोकाठ भरल्या. घाम फुटला होता. पण भरल्या. मग उंदीर वायर कुरतडील म्हणून तिच्या आईचा लाडवाचा पत्र्याचा डबा घेतला, चारी उभ्या ठासून बसवल्या, झाकण घट्ट लावलं आणि माडीवरच्या खोलीत फळीवर ठेवला. वर पत्रा. सोलापूरचा उन्हाळा. तुम्ही म्हणाल म्हातारा येडा होता. म्हणा.

पोरगी परत आली ती सकाळच्या गाडीनं. चहा पिता पिता तिनं विचारलं, "माझ्या बॅटऱ्या कुठायत?"

"वर हायत. भरून ठेवल्यात तुला."

तिनं कप खाली ठेवला. "भरून म्हणजे?"

"फुल. तू निम्म्याच सोडून गेली होतीस."

"अप्पा, मुद्दाम निम्म्या ठेवल्या होत्या!" असं म्हणत ती उठलीच. "उडवायच्या नसल्या की निम्म्याच ठेवायच्या असतात. भरून ठेवल्या की आतून खराब होतात, गॅस धरतात. आणि वर? वर पत्र्याखाली?"

मी मागनं जिना चढलो. तिनं डब्याचं झाकण काढलं आणि तिचा चेहरा मी बघितला. आईला ऑक्सिजन लावला त्या दिवशीसुद्धा ही पोर डॉक्टरशी उभ्यानं बोलत होती. आता तिच्या ओठांचा रंग गेला. डब्यात चारी बॅटऱ्या पुरीसारख्या फुगलेल्या. एकमेकीला दाबून, पत्र्याला दाबून, जागा नाही म्हणून वर आलेल्या.

"तुमी खाली जा," ती हळू म्हणाली. हळू बोलली म्हणून मी जास्त घाबरलो.

"तू काय करनार?"

"गच्चीत नेते. खाली जा म्हणते ना."

मी गेलो नाही. वाळूची बादली उचलली. तिनं तो डबा दोन्ही हातांनी, पाळण्यातलं मूल उचलावं तसा उचलला आणि उन्हात गच्चीवर मधोमध नेऊन ठेवला. तिथवर ठीक. मग तिला वाटलं, चारी एका जागी नकोत, एक पेटली तर सगळ्या पेटतील. जाड हातमोजे घातले आणि एक ओढून काढायला लागली. निघेना. मी ठासल्या होत्या. जरा तिरकी करून ओढली तर डब्याच्या काठाला घासली. पत्र्याचा काठ, धारेचा.

आधी वास आला. गोड. पिकलेलं फळ आणि नखाच्या रंगाची बाटली एकत्र ठेवावी तसा. मग सूंऽऽ असा आवाज, कुकरची शिट्टी यायच्या आधी येतो तसा. ती अजून वाकलेलीच होती, अजून हातात धरूनच होती.

घाबरलो की माझ्या तोंडातनं कन्नड निघतं, आमच्या आईकडचं. मी "ब्याड! ब्याड!" ओरडलो, म्हणजे नको, नको. तिची ओढणी हाताला लागली ती धरून मागं ओढली. ती माझ्या अंगावर पडली, मी पाण्याच्या टाकीवर आपटलो, आणि डब्यातनं जाळ निघाला. चुलीसारखा नाही, दिवाळीच्या झाडासारखा, आवाज करत, पांढरा. एक, मग धूर, मग दुसरी. वाळूची बादली मी फेकली तर अर्धी वाळू आमच्याच पायावर. "धुराकडं जाऊ नका, वाऱ्याच्या ह्या बाजूला या!" ती ओरडत होती आणि मला धरून होती. मी तिला धरून होतो. चारी बॅटऱ्या एकामागून एक जळल्या. डब्याचा पत्रा वाकला. खालची फरशी टाणकन फुटली.

मग शांत झालं. शेजारच्या गच्चीवरून म्हातारी ओरडली, "काय जाळताव ओ?" मी म्हणालो, "काय न्हाय, कचरा!" आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

पोरीच्या मनगटावर मोजा संपतो तिथं पोळलं होतं, बोटभर. नळाला पाणी नव्हतं. पिंपातलं घेऊन तांब्यानं तिच्या हातावर ओतत बसलो. माझा हात इतका थरथरत होता की निम्मं पाणी बाहेर. ती म्हणाली, "अप्पा, बास." मी ओततच राहिलो. एक बाईमाणूस घरातनं मातीला दिलं होतं. दुसरं मला देता आलं नसतं. एवढंच डोक्यात फिरत होतं, दुसरं काही नाही.

संध्याकाळी मी सांगून टाकलं, "ह्या घरात परत बॅटरी आनायची न्हाय."

वाटलं भांडेल. ती म्हणाली, "बरं." हेलिकॉप्टर जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पलंगाखाली सरकवलं.

त्यानंतरचा रविवार आला. ती खोलीतनं बाहेर आली नाही. पुढचाही तसाच. दार उघडून बघितलं तर भिंतीकडं तोंड करून पडलेली, झोपलेली नाही. ताटातलं तसंच. मी ओरडलो, समजावलं, मग ताट उचलून नेलं. तिच्या आईनं शेवटी शेवटी असंच भिंतीकडं तोंड केलं होतं. हे मी ओळखतो. आगीला निदान वास असतो, आवाज असतो, ओढणी धरून ओढता येतं. हिला कशाला धरून ओढायचं?

असे बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी मी दारात उभा राहून म्हणालो, "ऊठ. बॅटरी बघून येऊ."

ती वळली. "तुमीच नको म्हणाला."

"बघायला काय जातंय? घ्यायलाच पायजे असं हाय का?"

सात रस्त्याजवळ जिना चढून एक दुकान आहे. लग्नात वरून शूटिंग करणारे ड्रोनवाले तिथं येतात. दुकानदार माझ्या मुलीला ओळखत होता. मला खुर्ची दिली. "आव चाचा, बैठो. क्या दिखाऊँ, बेटा?"

तिनं सांगितलं, त्यानं काचेवर पाच-सहा बॅटऱ्या मांडल्या. एवढ्या एका जागी बघून माझी खुर्ची मी मागं घेतली.

"चाचा डरते क्या?"

"एकदा जळालेल्या बघितल्यात."

"अरे, ऐसा नक्को बोलो, दुकान में शुभ बोलो." आणि सगळ्यात मोठी पुढं सरकवली. "ये लेव. देर तक उडती."

पोरीची नजर त्या मोठीवर गेली, ते मी बघितलं. मी विचारलं, मोठी आणि बारकी, फरक काय? ती म्हणाली, "अप्पा, असं समजा. हा मोठा आकडा म्हणजे टाकी केवढी. आणि हा दुसरा आकडा म्हणजे नळाची तोटी केवढी, एका वेळी किती धार काढता येते. हेलिकॉप्टरला एकदम धार लागते. टाकी मोठी आणि तोटी बारीक असली तर नळ तापतो."

हे मला कळलं. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात टाकी आणि तोटी कुणाला सांगायला लागत नाही.

मी बारक्या बॅटऱ्या एकेक उचलून वास घ्यायला लागलो. नाकाजवळ नेऊन, फिरवून. बोटानं कडेला हळूच दाबून. दुकानदार हसायला लागला. "चाचा, तरबूज लेरे क्या?"

"तुजं हसू दे बाबा. माझ्या घरात न्यायची हाय."

दोन बॅटऱ्या सारख्याच दिसत होत्या, छापलेले आकडेही सारखे. एक हलकी, एक जड. मी म्हणालो, ही हलकी घेऊ. जड म्हणजे आत जास्त माल, जास्त माल म्हणजे जास्त जाळ.

पोरगी हसली. किती दिवसांनी हसली. "उलटं आहे, अप्पा. आकडा तोच आणि वजन कमी, म्हणजे छापलेला आकडा खोटा. जोर पडला की हीच आधी फुगणार. जड आहे ती खरी."

दुकानदार उगाच खोकला आणि हलकी उचलून आत ठेवली.

आता राहिली मोठी का बारकी. मी मनात सगळं तयार करून ठेवलं होतं, ती मोठी मागेल, मी नको म्हणेन, ती रुसेल. तिनं मोठी हातात घेतली, तोलली आणि परत ठेवली. म्हणाली, "बारकीच. दोनच द्या, चार नको."

"का गं?" मीच विचारलं.

"मोठीनं हेलिकॉप्टर पुढनं जड होतं. आणि..." ती काचेकडं बघत म्हणाली, "मोठी घेतली तर मला भीती वाटेल."

मला वाटत होतं घाबरतोय मी एकटाच.

येताना स्कूटी ती चालवत होती, मी मागं. बॅटऱ्या कापडी पिशवीत, पिशवी माझ्या हातात. पोटाशी धरायची हिंमत होईना म्हणून हात लांब करून धरली होती, मेलेला उंदीर शेपटीला धरावा तशी. प्रत्येक खड्ड्याला मी "हळू" म्हणायचो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, काय मासळी हाय काय?" पोरगी म्हणाली, "साप आहे." तो रिक्षा बाजूला घेऊन थांबला.

तिथंच मी अट घातली. उडवून झाल्यावर गरम बॅटरी बाहेर काढायची ती मी. तू लांब उभी राहायचं. माझं काय, माझं झालंय. तेवढ्यात सिग्नल सुटला, तिनं स्कूटी पुढं काढली. हेल्मेटमुळं तोंड दिसेना. मला वाटलं, कबूल आहे.

रविवारी माळावर गेलो. सकाळची वेळ, वारा पडलेला. तिनं बॅटरी बसवली, वायर जोडली, तिथं टचकन ठिणगीचा आवाज आला आणि मी दचकलो. पाती फिरली. तो आवाज मला आधी चालायचा, आता प्रत्येक सेकंदाला वाटत होतं सूंऽऽ ऐकू येईल. हेलिकॉप्टर कमरेएवढं वर आलं आणि थांबलं. मी त्याच्याकडं बघतच नव्हतो, पोरीकडं बघत होतो. तिचं तोंड जरा उघडं होतं, लहानपणी शाळेचं गणित करताना असायचं तसं. मग तिनं ते वर नेलं, उंच, मोठा गोल घेतला. "अप्पा, शेपटी बघा, अजिबात हलत नाही!" मी म्हणालो, "व्हय व्हय, उतरव आता." "आत्ताच तर वर गेलंय." "उतरव म्हणतो ना!" आणखी एक गोल घेतलाच तिनं. मग खाली आणलं. पाती थांबली.

मी चालायला लागलो तर ती पुढं पळाली.

"ए! अट काय होती?"

"मी कुठं हो म्हणाले होते?"

"मागं हो. तुला काय झालं तर मी कुनाकडं बघू?"

"आणि तुमाला झालं तर मी कुणाकडं बघू?" ती ओरडली. माळावर दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. "तुमचं झालंय म्हणता. माझं कुठं झालंय? मला आई न्हाय. तुमी काय ते आहात, आणि तुमी म्हणता माझं झालंय!"

मी तिचा दंड धरला, तिनं माझा. ती म्हणाली तुमचे हात थरथरतात, वायर ओढाल भलतीच. मी म्हणालो तुझ्या मनगटावरचं अजून वाळलं न्हाय. ती म्हणाली हट्टी म्हातारा. मी म्हणालो आईवर गेलीस. ती म्हणाली बरं झालं गेले. असं बराच वेळ. शेवटी दोघंही गेलो, दोघंही वाकलो आणि दोघांनी एकदमच हात लावला.

आम्ही भांडत होतो तेवढ्यात बॅटरी गार झाली होती.